शब्दशंका : ‘स्प्रिंग ऑन’ म्हणजे काय?

प्रश्न : ऐरोलीत नोकरी करतो. शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजरचा मेसेज आला, ‘सॉरी टू स्प्रिंग धिस ऑन यू’, आणि खाली शनिवारचं काम. इथे स्प्रिंगचा काय संबंध?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ‘स्प्रिंग’ म्हणजे मुळात उसळी घेणं. समोरच्याला तयारीला वेळच न देता एखादी गोष्ट त्याच्यावर टाकणं, म्हणजे ‘स्प्रिंग समथिंग ऑन समवन’. लोक चुकतात ते रचनेत. ‘सरप्राइज’नंतर थेट माणूस येतो, इथे आधी गोष्ट, मग ‘ऑन’, मग माणूस. म्हणून ‘ही स्प्रँग मी’ चूक, ‘ही स्प्रँग अ टेस्ट ऑन अस’ बरोबर. भूतकाळ ‘स्प्रँग’, अमेरिकेत ‘स्प्रंग’ही चालतं. कर्मणी प्रयोगात मात्र ‘स्प्रंग’च : ‘इट वॉज स्प्रंग ऑन मी’.

सूर बहुधा कुरकुरीचाच असतो. एचआरला लिहिताना हा बोलीतला प्रयोग टाळा, तिथे ‘विदाउट प्रायर नोटिस’ शोभतं. आणि मॅनेजरला उत्तर द्यायचंच असेल, तर ‘प्लीज डोन्ट स्प्रिंग वीकेंड वर्क ऑन मी’ हे व्याकरणाने अचूक आहे. पाठवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.