कोकणातलं 'जनावर' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आलाय की सासूबाई म्हणाल्या "मागीलदारी जाऊ नको, जनावर निघालंय", आणि ही बिचारी सुटलेली गाय शोधत बसली, तर तिकडे जनावर म्हणजे साप का आणि हा अर्थ आला कुठून?

हो, सापच. कोकणात हे अगदी रोजच्या बोलण्यातलं आहे आणि घाटावरही ऐकू येतं. रात्री सापाचं नाव घेतलं की तो येतो ही जुनी भीती, म्हणून जनावर, लांबडं, किरडू असं काहीतरी म्हणायचं. साप चावला असंही सरळ म्हणत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात. मला यातली एक गोष्ट फार आवडते, ती म्हणजे साप 'तो' आहे पण हे सगळे आडून घेतलेले शब्द नपुंसकलिंगी आहेत. साप गेला, पण जनावर गेलं, लांबडं गेलं. नाव टाळलं तसं त्याचं 'तो'पणही टाळलं.

मग गुरं आणि साप यात गोंधळ होत नाही का, तर सहसा नाही, कारण बाजूचे शब्द सांगतात. 'जनावरांचा बाजार', 'जनावरं सोडली', 'जनावरांना वैरण टाकली' यात गुरंच, आणि एकटंच जनावर 'निघालं', 'आडवं गेलं', 'दिसलं' की पाय जपून टाकायचा.

मूळ शब्द फारसी, जानवर. जान म्हणजे जीव आणि वर म्हणजे असलेला, ताकदवर मध्ये आहे तोच वर. म्हणजे जीव असलेला, बस्स, त्यात चार पाय कुठेच नाहीत! काहीजण 'जन' म्हणजे लोक असं धरून फोड करतात ती चूक आहे, मराठीत येताना 'जा'चा 'ज' आणि 'न'चा 'ना' झाला एवढंच. आणि गंमत बघा, आपला संस्कृत 'प्राणी' पण तसाच बनलाय, प्राण असलेला तो प्राणी. दोन वेगळ्या भाषा, पण विचार एकच.

त्यामुळे सापाला जनावर म्हणणं अडाणीपणाचं वगैरे अजिबात नाही, शब्दाच्या मूळ अर्थात साप आरामात बसतो, उलट जनावर म्हणजे फक्त गुरं हाच अर्थ आकसलेला आहे.