बोटीनं जायचा किल्ला

प्रश्न : आई-बाबा उन्हाळ्यात न्यू जर्सीला येताहेत. बाबांना किल्ल्यांचं वेड. सिंधुदुर्गासारखा बोटीनं जायचा किल्ला इकडे आहे का?

उत्तर : आहे ना! डेलावेअर नदीतल्या पी पॅच बेटावरचा फोर्ट डेलावेअर. १८५९ मध्ये पुरा झालेला, पंचकोनी, भोवती खंदक. फेरी डेलावेअर सिटीहून सुटते. न्यू जर्सीच्या काठावरच्या फोर्ट मॉटलाही तिनं जोडलंय, पण ती फेरी कधी आहे ते आधी विचारा. थंडीत फेरी आणि बेटावरचा किल्ला बंद.

माझे वडील खंदकाच्या पुलावर थांबून कितीतरी वेळ दगडांचे सांधे बोटांनी चाचपत होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या राज्यांचे हजारो कैदी इथं कोंडले होते. मेलेल्यांपैकी सुमारे २,४०० जण फोर्ट मॉटशेजारी फिन्स पॉइंटच्या दफनभूमीत पुरलेत. तिथं बाबांना नक्की न्या.