मेडिकेअर कुणाला आणि केव्हापासून?

अमेरिकेतल्या मराठी वाचकांच्या पत्रांत सध्या मेडिकेअरचेच, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचेच, प्रश्न जास्त आहेत. त्यातले चार आज घेते.

प्रश्न : आई-बाबा दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्डवर इकडे आले. बाबा ६८ वर्षांचे, आई ६६. मी १४ वर्षं इथे टॅक्स भरतोय. त्यांना मेडिकेअर मिळेल का?

उत्तर : मिळेल, पण आणखी तीन वर्षांनी. वय ६५ पूर्ण हवं आणि अर्जाआधीची सलग पाच वर्षं अमेरिकेत वास्तव्य हवं. तुमचा टॅक्स मात्र त्यांच्या कामी येत नाही. हिशेब स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या कामाचा धरतात, मुलांच्या नाही. हे सांगितलं की मुलांचे चेहरे पडतात आणि मलाही वाईट वाटतं. म्हणजे पार्ट ए, हॉस्पिटलचा भाग, विकत घ्यावा लागतो. २०२५ मध्ये त्याचे दरमहा ५१८ डॉलर होते आणि पार्ट बीचे, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचे, १८५, तेही माणशी. नुसता बी घेता येतो. ए विकत घेतला तर बी घ्यावाच लागतो.

आता ‘सलग’ या शब्दाकडे लक्ष द्या. मागे एक काका-काकू पासपोर्ट घेऊन माझ्याकडे आले होते. एकेक शिक्का बघत आम्ही तारखा कॅलेंडरवर मांडल्या. धाकटीच्या लग्नाला म्हणून गेलेले दोघं आठ महिने भारतातच राहिले होते. काकू बराच वेळ त्या शिक्क्यावर बोट ठेवून बसल्या. तेव्हा पाच वर्षं होईपर्यंत भारताची फेरी सहा महिन्यांच्या आत आटपा, आणि तोवर आई-बाबांना विम्याशिवाय ठेवू नका. मार्केटप्लेसवरून, म्हणजे आरोग्यविम्याच्या सरकारी बाजारातून, पॉलिसी घ्या.

प्रश्न : मी ६५ची होतेय. कधी नोकरी केली नाही. यजमान ६७ वर्षांचे, अजून नोकरीत आहेत. कंपनीचा विमा आम्हा दोघांना आहे. मला मेडिकेअर आत्ताच घ्यावं लागेल का?

उत्तर : यजमानांची ४० क्रेडिट्स, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम, झाली असतील तर तुम्हालाही पार्ट ए विनाहप्ता मिळेल. कंपनीत २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पार्ट बी पुढे ढकलता येतो. त्याहून लहान कंपनीत मेडिकेअर आधी पैसे देतं आणि कंपनीचा विमा नंतर, म्हणून तिथे बी लगेच घ्या. यजमानांची नोकरी सुटल्यावर बी घ्यायला आठ महिन्यांची मुदत असते. कोब्रा, म्हणजे नोकरी सुटल्यावर स्वतःच्या पैशांनी काही काळ चालू ठेवलेली कंपनीची पॉलिसी, चालू आहे म्हणून निवांत राहू नका, ती नोकरीचा विमा म्हणून धरत नाहीत. उशिराच्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांमागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो आणि ती वाढ सहसा जन्मभर राहते.

प्रश्न : भावाला ४४व्या वर्षी पक्षाघात झाला. सोशल सिक्युरिटीचा अपंगत्व भत्ता मंजूर झालाय. त्याला ६५पर्यंत थांबावं लागेल?

उत्तर : नाही. भत्त्याच्या हक्काचे २४ महिने झाले की पंचविसाव्या महिन्यापासून मेडिकेअर आपोआप सुरू होतं. महिने मंजुरीपत्रातल्या हक्काच्या तारखेपासून मोजा, पहिला चेक आला त्या दिवसापासून नव्हे. मंजुरीला वेळ लागलेला असतो, त्यामुळे बरेच महिने आधीच सरलेले निघतात. एएलएस हा मज्जातंतूंचा गंभीर आजार असेल तर ही वाट बघावी लागत नाही. किडनी निकामी झालेल्यांना डायलिसिसच्या साधारण चौथ्या महिन्यापासून मिळतं.

प्रश्न : भारतात गेल्यावर मेडिकेअर चालतं का?

उत्तर : नाही. निघण्याआधी प्रवासविमा काढा.