कष्ट सोपवले, निर्णय नाही

‘आमची शेती माझ्यापाशीच संपणार का?’ हा प्रश्न घेऊन बरेच वडील माझ्याकडे समुपदेशनाला येतात. मुलाला जमिनीची ओढच नाही, ही त्यांची तक्रार असते. अशाच एका घराची ही गोष्ट. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील पासष्टीचे, मुलगा चौतिशीचा. शेजारी बसूनही दोघं आईकडे बघून बोलत होते. ‘याला सांग, पेरणी लांबवून चालत नाही.’ ‘आई, अण्णांना विचार, पंपाचं काय ठरलं.’ मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी याला त्रिकोण म्हटलं आहे. दोघांतला ताण सोसवेनासा झाला की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं. तेवढ्यापुरतं निवळतं, मूळ बोलणं राहूनच जातं. आई बारा वर्षं निरोप पोचवत होती. तिची झोप उडाली होती, हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

मुलाला एकट्याला विचारलं, ‘शेती नकोय का?’ तो बराच वेळ तळहाताच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवत राहिला. ‘हवीय ना, ताई. पण डिझेलपुरते पैसेही मागावे लागतात. मी मालकाचा मुलगा की गडी, तेच कळत नाही.’

पुढच्या भेटीत तीन पिढ्यांचा नकाशा कागदावर काढला. प्रत्येकाच्या हाती कारभार कधी आला, एवढंच विचारलं. आजोबांनी तो शेवटपर्यंत सोडला नव्हता. अण्णांना पन्नाशीत मिळाला, तोही वडील गेल्यावर. तिथे अण्णा थांबले. ‘तुला जमेल, एवढं एकदा म्हणायला हवं होतं त्यांनी.’ मुलगा खाली बघत होता.

परंपरा पुढे न्यायची म्हणजे नेमकं काय सोपवायचं, हे घराघरांत बोललंच जात नाही. मालकी, कष्ट आणि निर्णय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकीसाठी वकील गाठावा, आणि त्या बैठकीत मुलीही हव्यात, असं मी आग्रहाने सांगते. निर्णय मात्र आजपासून, तुकड्यातुकड्याने देता येतात. एक तुकडा पूर्णपणे मुलाचा ठरला: पीक, बियाणं, मजुरी, विक्री, तोटासुद्धा. मुदत तीन हंगामांची, कारण एखादा हंगाम पावसानेच बुडतो, त्यावरून माणूस जोखता येत नाही. अण्णांनी विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, ही अट मी घातली.

ती अट चुकली. पहिल्याच हंगामात सखल कोपऱ्यात पाणी साचून पीक सडलं. तिथे पाणी तुंबतं हे अण्णांना लहानपणापासून ठाऊक होतं.

‘माहीत होतं, तर बोलला का नाहीत?’

‘तू विचारलं नाहीस!’

माझ्यासमोर कडाक्याचं भांडण झालं. आईकडे न बघता झालेलं ते त्यांचं पहिलं भांडण. आम्ही अट बदलली: अण्णांनी एकदा सांगायचं, ऐकायचं की नाही ते मुलाने ठरवायचं. आठवड्याने दोघं त्या कोपऱ्यात चर काढत होते, असं आईने कळवलं.