जर्मनीत शिकायला जाताना खोलीचे पैसे इथूनच भरावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहता चिपळूणला, ऑक्टोबरपासून जर्मनीत मास्टर्स, प्रवेश मिळालाय, हॉस्टेलचं उत्तर नाही आणि इंटरनेटवर सापडलेला एक घरमालक दोन महिन्यांचं भाडं आगाऊ मागतोय. पाठवू का?

नका पाठवू. 'मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो' असं म्हणणाऱ्याशी तर पुढे बोलूही नका. त्याने विश्वासासाठी पाठवलेला पासपोर्टचा फोटो बऱ्याचदा आधी फसलेल्या कुणाचा तरी असतो, म्हणून तुमचाही देऊ नका. खोली ओळखीच्या कुणीतरी प्रत्यक्ष बघावी, निदान व्हिडिओ कॉलवर चालत फिरून दाखवायला लावा, आणि करार आधी, पैसे नंतर. अपवाद श्टुडिरेंडेनवेर्कचा, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं चालवणाऱ्या सार्वजनिक संस्थेचा. तिथे करारासोबत डिपॉझिट आधी भरावं लागतं, ते बिनधास्त भरा.

वसतिगृहाचा अर्ज अजून केला नसेल तर आजच करा. काही ठिकाणी प्रवेशाआधीही नाव घेतात. प्रतीक्षा यादीत असाल तर ईमेल रोज बघा. 'अजून खोली हवी आहे का' असं विचारतात आणि उत्तर दिलं नाही तर नाव उडतं. भाडं साधारण 250 ते 400 युरो. खाजगीत म्युनिकला एका खोलीला 700-800 सहज जातात, केमनित्ससारख्या पूर्वेकडच्या शहरात त्याच्या निम्म्याहून कमी.

खाजगी खोली शोधताना भाड्याच्याही आधी विचारायची गोष्ट म्हणजे आनमेल्डुंग, पत्त्याची सरकारी नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते आणि त्यासाठी घर देणाऱ्याने सही केलेला 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' नावाचा कागद लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही. पोटभाडेकरू म्हणून राहणार असाल तर मूळ भाडेकरूही तो देऊ शकतो, पण त्याच्याकडे मालकाची परवानगी आहे ना ते बघा. नोंदणीनंतर टॅक्स नंबर पोस्टाने येतो, पुढे रेसिडेन्स परमिटलाही हाच पत्ता लागतो. 'नोंदणी होणार नाही' असं लिहिलेली स्वस्त खोली पहिल्या दोन-तीन आठवड्यांपुरती ठीक, त्याहून जास्त नको. मोठ्या शहरांत नोंदणीची अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही, तेव्हा ती इथूनच घेऊन ठेवा.

आता पैशांचा हिशोब, कारण बहुतेकजण इथे अडकतात. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, 11,904 युरो असले तरी महिन्याला 992 च सुटतात, आणि तेही तिथे गेल्यावर खातं चालू केल्यानंतर. जाहिरातीतलं 'काल्टमीटे' म्हणजे नुसतं भाडं. हीटिंग, पाणी वगैरे धरून होतं ते 'वार्ममीटे'. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन काल्टमीटे. 400 ची खोली धरली तर 1,200 डिपॉझिट आणि वर पहिल्या महिन्याचे 500 च्या आसपास. डिपॉझिट तीन मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्याने दिलाय, पण खोलीसाठी रांग लागलेली असताना तो कितपत ताणायचा हे तुम्हीच ठरवा. 1,500 ते 2,000 युरो वेगळे ठेवाच. फॉरेक्स कार्डावरून मालकाच्या खात्यात पैसे वळवता येत नाहीत. आणि तालुक्याच्या शाखेतून पाठवायचे तर परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म, पॅन, प्रवेशपत्र हे सगळं परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेकडे जाऊन येतं. त्यात मध्ये गणपती आले की बघायलाच नको.

गणपतींवरून आठवलं. आरत्या, विसर्जन उरकून सप्टेंबरअखेर निघायचा आपल्याकडे मोह असतो, पण खोल्यांसाठी तोच सगळ्यात वाईट काळ. जमलं तर महिनाभर आधी पोचा. निदान शुक्रवारी संध्याकाळी उतरू नका: वसतिगृहाची किल्ली देणारा हाउसमाइस्टर कामाच्या दिवशी ठरावीक वेळेतच भेटतो आणि 3 ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते.

'वेगे-गेझुख्ट' (WG-Gesucht) या वेबसाइटवर शेअरिंगच्या खोल्या मिळतात. मेसेज जर्मनमध्ये, सात-आठ ओळींचा: कोण, कोणता कोर्स, कधीपासून कधीपर्यंत, पैसे कुठून येतात, घरात राहायला कसे आहात. जाहिरात शेवटपर्यंत वाचा, कारण कधीकधी मध्येच 'उत्तरात अमुक शब्द लिहा' असं टाकलेलं असतं. एकच मेसेज पन्नास जणांना चिकटवणारे तिथेच गळतात.

रिकामा फ्लॅट घेत असाल तर स्वयंपाकघर आहे का ते विचारा. ओटा-सिंकसकट काहीच नसलेले फ्लॅट तिथे सर्रास असतात. ताबा घेताना भिंतींवरचे डाग, ओरखडे यांचे फोटो काढून हस्तांतराच्या यादीत लिहून घ्या, नाहीतर ते तुमच्या डिपॉझिटमधून कापले जातील. आणि त्याच दिवशी पत्रपेटीवर आडनाव चिकटवा. वाडी आणि आडनावावरून घर ओळखणारा पोस्टमन तिथे नाही. पेटीवर नाव नसेल तर बँकेचा पिन आणि टॅक्स नंबर सरळ परत जातात.