वानर म्हणावं की माकड?

प्रश्न : रामटेकला गडावर गेलो की सासूबाई माकडांना ‘वानर’ म्हणतात आणि हात जोडतात. पोरं ‘माकड’ म्हणून ओरडतात. दोन्ही एकच ना? — एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : एक नाहीत. सासूबाईंचं बरोबर आहे, निदान अर्धं तरी. हात जोडायचे की नाही, ते तुम्ही घरात ठरवा.

गडावरचं काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, धडापेक्षाही लांब शेपटाचं जनावर म्हणजे वानर. माकडाचं तोंड लालसर, अंग तपकिरी. आपल्या विदर्भातल्या माकडाचं शेपूट आखूड असतं. पण केवळ शेपटावर जाऊ नका. सह्याद्रीकडच्या माकडाचं शेपूट चांगलं लांब असतं, डोक्यावर केसांची टोपीही असते, म्हणून पुण्याचे पाहुणे इथे येऊन हमखास गोंधळतात.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. पोट्ट्यांना सांगायचो, रंग विसरा, तो खातो कसा ते बघा. माकडाच्या गालात आतून पिशव्या असतात. फुटाणे दिले की ते भराभर कोंबतं, गाल टम्म फुगवतं आणि दूर जाऊन निवांत चावतं. वानराला ही सोय नाही. तो मुळात पाल्यावर जगणारा प्राणी. त्याच्या पोटाला अनेक कप्पे असतात, त्यांत जिवाणू पाला आंबवतात, तेव्हा कुठे तो पचतो. अशा पोटात भक्तमंडळी बिस्किटं आणि पेढे ढकलतात, ते मात्र मला बघवत नाही.

पेंचच्या जंगलात वानरांच्या झाडाखाली चितळं चरताना दिसतील. वरून पाला, फळं पडतात, ती यांना आयती मिळतात. शिवाय उंचावरून वाघ किंवा बिबट दिसला की वानर खॅक-खॅक करतो आणि खालचा कळप सावध होतो. गाईडही तो आवाज ऐकूनच जिप्सी थांबवतात.

बोलीभाषेत ‘माकड’ दोघांनाही चालतं, त्यात गैर काही नाही. फक्त मान-अपमानाची वाटणी भलतीच झाली आहे. रामाची सेना वानरांची, आणि चेष्टा, हाड, हातातलं कोलीत, सगळं माकडाच्या वाट्याला! मदाऱ्याची दोरीसुद्धा बहुतेक वेळा त्याच्याच गळ्यात असायची, कारण ते अंगानं लहान आणि शिकवायला सोपं.