बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, रिपोर्ट साफ आहेत, मग सोराफेनिब कशाला?

ताई, 'ही तर लिव्हर-किडनीच्या कॅन्सरची गोळी' असं केमिस्ट म्हणाला, ते खोटं नाही. सोराफेनिबच्या पाकिटातल्या कागदावर लिव्हर, किडनी, थायरॉईडचेच कॅन्सर असतात. पण हीच गोळी एफएलटी-३ नावाच्या प्रथिनालाही अडवते, आणि तुमच्या भावाच्या एएमएलमध्ये, म्हणजे त्याच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये (ल्युकेमियात), बिघाड नेमका तिथे आहे (रिपोर्टवर 'एफएलटी-३ आयटीडी पॉझिटिव्ह' लिहिलंय, तो). या प्रकारात ट्रान्सप्लांटनंतरही आजार उलटू शकतो, आणि उलटला तर बहुधा पहिल्या वर्षभरातच.

भावाला तुमच्या पेशी दिल्यात. उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशी शोधून मारणं हे त्यांचंच काम, पण त्यांना जम बसायला महिने लागतात. शिवाय जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींनी पेशंटच्याच शरीरावर केलेला हल्ला) होऊ नये म्हणून सायक्लोस्पोरिन देऊन त्यांना दाबून ठेवलेलं असतं. एवढा काळ राखणीला कोणीतरी हवं. ही गोळी नुसती राखणही करत नाही. फ्रायबुर्गच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं, की तिच्यामुळे ल्युकेमियाच्या पेशी आयएल-१५ (प्रतिकारक पेशींना चेतवणारं प्रथिन) सोडतात आणि दात्याच्या टी-पेशी, म्हणजे लढणाऱ्या प्रतिकारक पेशी, जास्त चेवाने तुटून पडतात. मला तरी यातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

जर्मनी-ऑस्ट्रियातल्या सॉर्मेन अभ्यासात पेशंट फक्त ८३ होते. दोन वर्षांनी गोळीवाल्यांतले ८५ टक्के आजार न उलटता जिवंत होते, बिनऔषधाची गोळी मिळालेल्यांतले ५३. संख्या लहान आहे, मान्य. पण चीनमधल्या २०२ जणांच्या अभ्यासातही वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण ७ टक्के विरुद्ध २४.५ आलं.

खर्चाचं म्हणाल, तर २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नॅटको कंपनीला याच औषधाचा सक्तीचा परवाना (पेटंटवाल्या कंपनीच्या संमतीविना औषध बनवण्याची परवानगी) मिळाला, देशातला पहिला. महिन्याच्या १२० गोळ्या सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८८० वर आल्या. म्हणून जेनेरिकला नाक मुरडू नका.

त्रास होतो, हे लपवत नाही. तळहात-तळपाय सोलवटतात, जुलाब लागतात, बीपी वाढतं, रक्तातल्या पेशींचे काउंट घसरतात. डोस म्हणूनच बऱ्याचदा कमीपासून सुरू करतात. गोळी जेवणाआधी तासभर किंवा नंतर दोन तासांनी, तुपकट जेवणावर नको. अंगावर पुरळ आलं तर 'औषधाचं असेल' म्हणून घरी बसू नका, त्वचेचा जीव्हीएचडीही तसाच दिसतो. फोटो काढून त्याच दिवशी ट्रान्सप्लांट युनिटला पाठवा. आपल्या मनाने गोळी बंदही करू नका.

गिल्टेरिटिनिबबद्दल विचारलंत. तीही एफएलटी-३ अडवणारी गोळी, पण नवी आणि महाग. ३५६ जणांच्या मॉर्फो अभ्यासात सगळ्यांचा मिळून फायदा ठामपणे सिद्ध झाला नाही, पण ट्रान्सप्लांटच्या आगेमागे एमआरडी (खास तपासणीतच दिसणाऱ्या थोड्या उरलेल्या कॅन्सरच्या पेशी) सापडलेल्यांना तो दिसला. भावाचा एमआरडी रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि पुढच्या ओपीडीला डॉक्टरांना त्यावरूनच विचारा.